कैरोच्या वैद्याची खाडाखोड

लंडनच्या पिनर उपनगरातून निघताना विनयने फोनचा आवाज दोनदा वाढवून पाहिला. माझा हा धाकटा भाऊ तिथल्याच हॉस्पिटलात पोटाच्या विकारांचा डॉक्टर, आणि आता त्याच्याच पोटातल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता.

"घरात बसून वाट बघवत नाही, ताई," तो म्हणाला. "केंब्रिजला जाऊ."

तिथल्या ग्रंथालयात बाराव्या शतकातल्या एका ज्यू तत्त्वज्ञाच्या हातची पानं मांडली होती. स्पेनमध्ये जन्मलेला हा माणूस छळामुळे परागंदा झाला आणि कैरोत सुलतानाच्या दरबारचा वैद्य, शिवाय आपल्या समाजाचा धर्मगुरू झाला. विनय त्याच्याविषयी वर्षानुवर्षं वाचतो आहे.

"दरबारातून दमून घरी यावं, तर दारात पेशंट बसलेले," ट्रेनमध्ये तो सांगत होता. "शेवटी आडवा पडून औषधं सांगायचा. आमच्या क्लिनिकसारखंच!" तो हसला, पण हात खिशातल्या फोनवरच होता.

वाटेत सिग्नल बिघडला आणि गाडी उघड्या रानात थांबली. दोन्हीकडे सपाट काळी शेतं, पाण्याचे सरळ चर, डोंगर कुठेच नाही. मी डब्यातलं थालीपीठ पुढे केलं. त्याने एक घास मोडला आणि तसाच परत ठेवला.

"रेंज नाहीये. आत्ताच फोन आला असेल तर?"

"परत करतील," मी म्हटलं.

ग्रंथालयात काचेखाली त्या वैद्याचं एक पान होतं. भाषा अरबी, लिपी हिब्रू. ओळींवर ओळी खोडलेल्या.

"केवढी खाडाखोड, नाही?" मागून चक्क मराठी आलं. सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. "तुमचं बोलणं ऐकलं, राहवलं नाही. मी सिपोरा, लंडनमध्ये इल्फर्डला असते. माहेर अलिबागकडचं. आम्ही बेने इस्रायली (कोकणातले ज्यू), शनवार तेली. शनिवारी घाणा बंद!"

"मग हे तुमचेच गुरू," विनय म्हणाला.

"आमचे कसले? यांनी लिहून ठेवलंय, हिंदुस्थानातल्या ज्यूंना शनिवार आणि सुंता, एवढंच ठाऊक. त्यांना कुणी कळवलं कोण जाणे!"

मी विचारलं, "देवाबद्दल काय म्हणत?"

"देव कसा आहे ते सांगता येत नाही. कसा नाही, तेवढंच सांगावं."

"नेति नेति," मी पुटपुटले, आणि तेवढ्यात विनयचा फोन वाजला.

तो खिडकीशी गेला. मला फक्त त्याची पाठ दिसत होती. परत आला तेव्हा चेहरा पांढराफटक.

"कॅन्सर आहे. ऑपरेशन करावं लागेल. पसरलेला नाही, असं वाटतंय. 'वाटतंय' म्हणाले, ताई."

सिपोराबाईंनी त्याचं मनगट धरलं, "जेवलास का रे?" म्हणाल्या आणि आम्हाला खालच्या कॅफेत नेऊन गरम सूप-पाव पुढ्यात ठेवला. तो खाईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

परतीच्या गाडीत विनय खिडकीकडे बघत बोलू लागला.

"त्या वैद्याला धाकटा भाऊ होता. रत्नांचा व्यापारी. हिंदुस्थानाकडे येताना आपल्याच समुद्रात बुडाला. एवढा ज्ञानी माणूस, पण वर्षभर अंथरुणातून उठला नाही."

"मग?"

"मग उठला. घर चालवायचं होतं, म्हणून वैद्यकी धरली." तो माझ्याकडे वळला. "ताई, मला भीती वाटतेय गं."

'काही होत नाही' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते गिळून मी म्हटलं, "मलाही." आणि तो रडला. समोरच्या माणसाने पेपर वर धरला.

ऑपरेशन नीट पार पडलं. मी मुक्काम वाढवला, तो हिंडू-फिरू लागल्यावर पुण्याला परतले. आयुष्यभर मी माणसांना धीर देत आले. धीर देणं म्हणजे पुष्कळदा समोरच्याला गप्प करणं असतं, हे मला त्या गाडीत कळलं.

परवा त्याचा फोन आला. पुढची तपासणी जवळ आलीय, भीती वाटते म्हणाला.

"सांग, कशाची?" मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले.