तीर्थाबरोबरची गोळी

आमचे हे पंचवटीत पौरोहित्य करतात. रुद्र, पवमान, सगळं मुखोद्गत. वीस वर्षांनी आलेल्या यजमानालाही त्याच्या आजोबांच्या नावानं ओळखतील. म्हणून बायपास करायचं ठरलं तेव्हा मला हृदयापेक्षा त्यांच्या स्मरणाचीच धास्ती वाटली. ऑपरेशननंतर माणसं विसरभोळी होतात असं ऐकलं होतं. त्यात शेजारच्या वहिनी म्हणाल्या, यांना चालू आहे त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं डोकं मंद होतं. झालं, ती बंद करायची असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पूजा आटोपली की हे डोळे मिटून उजवा हात पुढे करतात. त्यावर मी गोळी ठेवायची आणि वरून तीर्थ घालायचं, अशी आमची रीत. अकरा दिवस मी नुसतं तीर्थ दिलं. रामरायाला म्हटलं, आता तूच सांभाळ. याला मी श्रद्धा समजत होते.

ऑपरेशनसाठी भरती केलं त्या दिवशी धीर सुटला. दवाखान्यातल्या बाकावर देवळा तालुक्याकडच्या एक बाई बसल्या होत्या, नवऱ्याला घरी न्यायला आलेल्या. रडत रडत त्यांना सगळं सांगून मोकळी झाले. त्या म्हणाल्या, "ताई, देवापासून काही लपत नाय, मग डॉक्टरपासून काय लपवता? चला." आणि हात धरून मला आत घेऊन गेल्या. त्यांचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. बोलणी खायची तयारी ठेवली होती, पण त्या खुर्ची ओढून बसल्या. "बरं झालं सांगितलंत. हृदयाला ही गोळी लागतेच. ऑपरेशननंतर स्मरणालाही तिचा आधार होतो असं काहींना वाटतं. खात्री मात्र मी देणार नाही." त्याच दिवशी त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी मात्र यांनी मलाच विचारलं, "आई कुठाय?" सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. माझी पाचावर धारण बसली. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायच्या आणि यांच्याशी बोलत बसायच्या. तारीख नाही, तिथी विचारायच्या! किती जाणती मुलगी! चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "काका, आज नवमी ना?" हे म्हणाले, "नवमी काल संपली. पंचांग बघत जा." त्या खळखळून हसल्या आणि मी तिथंच हात जोडले.

घरी आल्यावरची पहिली पूजा. यांनी डोळे मिटून हात पुढे केला. मी गोळी ठेवली.

"मध्ये अकरा दिवस नुसतंच तीर्थ होतं," हे म्हणाले.

"कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या हातचं होतं. म्हटलं, डॉक्टरांना विचारूनच बंद केली असशील."

शरण जाणं मी आयुष्यभर रामाकडे बघून शिकत होते. माझ्यापुढे रोज एक हात पसरलेला असायचा, तो कधी नीट पाहिलाच नव्हता. आता रोज डॉक्टरांची चिठ्ठी बघते, त्या अनोळखी बाईंना मनातल्या मनात नमस्कार करते, आणि मगच त्या हातावर गोळी ठेवते.