चौथी खिडकी

आमच्या महाडच्या कारखान्यातून टँकर सोडायचा तर कॉम्प्युटरवर चार प्रोग्रॅम उघडावे लागत: स्टोअर, लॅब, वजनकाटा, गेट. डिस्पॅचचे काका चारही पासवर्ड पुटपुटत टाकायचे आणि मधल्या वेळात समोरच्या ड्रायव्हरला न्याहाळायचे.

“झोप झाली काय रे?”

डोळे लाल दिसले, की चौथा प्रोग्रॅम उघडतच नसे. “नेट नाय. जा, बाकड्यावर पड तासभर. पोलादपूरचा घाट कुठं पळून जात नाय.”

डिस्पॅचचं काम वेगवान करायला मला नेमलं होतं. महिनाभर काकांशेजारी बसून मी हे पाहिलं आणि अहवालात ‘विलंब’ असं लिहिलं. मग चारही प्रोग्रॅम एका पानावर आणले. टँकरचा पहिला गेटपास एका क्लिकमध्ये निघाला, तेव्हा टाळ्या पडल्या. काका हळूच म्हणाले, “साहेब, ह्यात नेट नाय म्हणायची सोय नाय ठेवलीत.”

मी हसलो.

आता पास थेट गेटवर छापून मिळतो. काका रेकॉर्ड रूमला आहेत. सकाळी बिरवाडीहून आले, की आधी टँकरच्या रांगेपाशी थांबतात, तोच प्रश्न विचारतात. ड्रायव्हर “हो काका” म्हणतात आणि गाडी काढतात.

काकांच्या हातात आता त्यांना थांबवण्यासारखं काही नाही. होतं ते मी काढून घेतलं.