खडवलीच्या वाळूतला सूर

हे मी आजवर कुणापुढेही उच्चारलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, मुलींपुढे नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा नेमकं एवढंच वगळून उरलेलं सगळं सांगत आले. रात्री भिजत घातलेलं कडधान्य सकाळी आपसूक मऊ झालेलं असावं, तसं आज उठल्यावर काहीतरी आतून मऊ लागलं. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही शेजारी बसला आहात असं धरून चालते.

पण कुठून सुरुवात करू? मामापासून करावी लागेल.

मामा आईचा धाकटा भाऊ. आमच्याकडेच, कल्याणला राहायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत तो सुरुंग काढणाऱ्या पथकात होता. एक सुरुंग फार जवळ फुटला आणि त्याचं बारीक ऐकणं कायमचं गेलं. मोठ्यानं बोललेलं कळे. पैंजण, पाखरू, उकळी — हे सगळं गेलं. लढाई संपल्यावर कल्याणजवळच्या छावणीतला माल लिलावात निघाला. लोकांनी तंबू घेतले, बूट घेतले. मामानं सुरुंग शोधायचं यंत्र घेतलं. लांब दांडा, टोकाला ताटाएवढी चकती, पाठीवर पेटी आणि कानांवर लावायचे हेडफोन.

खडवलीच्या नदीवर स्नानाला येणाऱ्या बायकांचं काही ना काही वाळूत हरवायचं. एखादीची अंगठी, कुणाच्या बाळाची कमरेची साखळी. मामा ते शोधून द्यायचा आणि बदल्यात नारळाखेरीज काही घ्यायचा नाही. पण यंत्र बोलायचं ते कानात, आणि कान तर गेलेले. म्हणून कान माझे. हेडफोन मी लावायचे, दांडा तो फिरवायचा. कानात एक सलग भुणभुण असे, भर दुपारच्या भुंग्यासारखी. खाली धातू आला की ती चढे — तंबोऱ्याची तार पिळावी तशी चढत चढत थेट किंकाळी होई. मी डावा हात वर करायचा. तो थांबायचा, गुडघ्यांवर बसून बोटांनी वाळू उपसायचा, आणि मग... मग ती आरोळी.

"सापडलंऽऽ! हे बघा माझे कान! ही माझी भाची नाही, माझे कान आहेत कान!"

सगळा काठ वळून बघायचा. लहानपणी मला ते फार आवडे. पुढे मी कॉलेजात गेले, वृत्तात कविता करू लागले, एका मात्रेची चूक कानाला टोचू लागली. आणि त्या आरोळीची मला लाज वाटू लागली. — पाहा, अजून मी कडेकडेनंच चालते आहे.

कार्तिकातली गोष्ट. ठाण्याच्या एका घरात माझं जमत आलं होतं. दोन्ही घरांनी मिळून खडवलीला आवळीभोजन करायचं ठरवलं. आवळीखाली पंगत, तेवढ्यात मुलीचं वागणंबोलणंही दिसेल. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मामाला बजावलं होतं, "ते धूड आणू नकोस रे बाबा." त्यानं आणलंच.

जेवणाआधी त्या घरच्या बाई — माझ्या पुढे झालेल्या सासूबाई — नदीकाठी वाळूची पिंड करायला बसल्या. हातांनी ओली वाळू थापायची म्हणून त्यांनी सोन्याच्या पाटल्या उतरवून शेजारी ठेवल्या. पूजा झाली, पिंडीवर पाणी घालून ती मोडली, वाळू सारखी केली. पाहतात तो एकच पाटली. बायका खाली बसून वाळू चाळू लागल्या आणि जागा आणखीच विस्कटली. मामाचा चेहरा मात्र उजळला. "बाई, उठा सगळ्या. पाटली वाळूत असेल तर माझं यंत्र तिला हाक मारून बाहेर काढील." मला त्यानं हेडफोन चढवले.

त्यांची मुलगी — माझ्या पुढे झालेल्या वन्सं — हसल्या. "अगं बाई! मुंडावळ्यांच्या जागी हे काय गं? लग्नानंतर आमच्या अंगणातही सुरुंग शोधणार का?" सगळे हसले. तोही हसला — ज्याच्याकडे मी सकाळपासून एकदाही सरळ पाहिलं नव्हतं.

चकती ओल्या वाळूवरून सरकत होती. शेणाचा, उदबत्तीचा, आवळ्याच्या पाल्याचा वास येत होता. आणि सूर चढला. शंकेला जागा नव्हती. इतका स्वच्छ सूर मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. हात वर करायचा, एवढंच होतं. पण हात वर केला की ती आरोळी येणार, माझे कान जगजाहीर होणार, आणि तो पुन्हा हसणार — मला हे सगळं एका श्वासात दिसलं. हात पदरात तसाच राहिला. चकती पुढे गेली.

"काही नाही, मामा."

"नीट ऐक गं बाळ."

"खरंच काही नाही."

इथेच थांबले असते, तर कदाचित हे लिहावं लागलं नसतं. पण मामानं स्वतःच्या बोटातली अंगठी काढली, वाळूवर ठेवली आणि तिच्यावर चकती धरली. "आता?" माझ्या कानात किंकाळी उठली. हो म्हणावं, तर तो सगळी जागा पुन्हा फिरणार. पहिलं खोटं उघडं पडणार. त्याच्या डोळ्यांत पाहत मी मान हलवली. नाही.

तेव्हा तो — जो हसला होता तोच — पुढे येऊन म्हणाला, "द्या इकडे, मी ऐकून बघतो." मामानं हात आडवा धरला. "नको. हिला ऐकू येत नाही ना, मग ते वाजतच नाही." आणि सासूबाईंकडे वळून त्यानं हात जोडले. "माफ करा बाई. दगडांवरून आणताना मीच आपटलं असेल."

"अहो, भंगारातला माल तो," त्या म्हणाल्या, "त्याला तुम्ही काय करणार?"

महिन्याभरात मामानं ते भंगारात परत घातलं. नदीवर जाणं सोडलं. काठावरची माणसं ज्याला वळून बघायची, तो माणूस दुपारभर आमच्या ओट्यावर नुसता बसून राहू लागला. माझं लग्न झालं. उरलेली पाटली एकटी काय कामाची, म्हणून सासूबाईंनी ती मोडून माझ्या मंगळसूत्रातली सासरची वाटी घडवली. ती वाटी घालून मी ठाण्यात संसार केला — सुखाचा केला, हेही खरंच सांगते. तो हसणारा माणूस मनानं फार चांगला निघाला. त्या दिवशी मी मामाला आरोळी ठोकू दिली असती, तरी त्याला ती आवडलीच असती, असं आता वाटतं. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं म्हणून मी सुटू पाहत नाही.

मामा थकल्यावर एकदा मी मुलींना घेऊन त्याला भेटायला गेले. तो त्यांना कौतुकानं सांगत होता, "माझं यंत्र ऐन वेळी मेलं गं. पण तुमच्या आईचे कान! त्यांनी मला कधी फसवलं नाही." मुलींनी माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान डोलावली. मग तो गेला.

यंत्र धडधाकट होतं. मामानं ते कुठेही आपटलं नव्हतं. पाटली चकतीखाली होती, मला ती ऐकू आली होती, आणि अंगठीही ऐकू आली होती. खोटी मी होते.

लिहिलं. हे लिहिताना हात थरथरेल असं इतकी वर्षं वाटत होतं. थरथरला नाही.