अप्पांची झोळी
दत्तजयंती जवळ आली की अप्पांचा तो फोटो आठवतो. जन्मात कुणापुढे हात न पसरलेल्या माझ्या वडिलांनी गाणगापुरात झोळी घेऊन पाच घरी मधुकरी मागितली, तेव्हा मी तो काढला होता. वर्षभरात ते गेले आणि थोरल्या भावानं न विचारता कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट केलं. कार्ड तरी धड आहे का, हे बघायला मी त्यावर चार नवे फोटो काढले आणि ते चिटगुप्प्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे नेलं. त्या कडाडल्या, "अण्णा, पेरलेल्या रानात पुन्हा नांगर घातलाव की! कामून हात लावलाव?" मी भडकलो, दुकान डोक्यावर घेतलं, त्या मात्र दिवसभर मान खाली घालून शोधत राहिल्या. संध्याकाळी पडद्यावर अप्पांचा चेहरा आला. छातीखाली, झोळीच्या जागी, नुसता करडा रंग होता. "नुसतं फॉरमॅट केलं तर फोटो आत ऱ्हातात, वर नवे काढले की जातात. तेवढं तुमच्या नव्या फोटोंनी खाल्लं," त्या म्हणाल्या. मी हुज्जत घातली, "दुसरी झोळी जोडा, मागाल ते देतो." "आलंय तेवढं खरं हाय. खोटी झोळी मी अप्पांच्या गळ्यात घालणार न्हाई." एवढ्या एकाच दुकानातून मी घासाघीस न करता बाहेर पडलो. भावाशी अजून बोलत नाही. पण झोळी त्यानं नाही, मी पुसली, हे त्याला सांगायचं राहिलंय.