खार प्यालेला धागा

"आजून प्याला न्हाई हा." भिजलेल्या अंबाडीचा धागा दोन बोटांत धरून ओढत काका म्हणत आणि तो झुबका परत राखेच्या उकळत्या पाण्यात टाकत.

लाखेच्या बांगड्या करणारे तुम्हीही पाहिले असतील. पण मंठ्याच्या बाजारात दोर वळणाऱ्यांनी फेकलेले तुटके धागे पोत्यात भरून जालन्याला आणणारा माणूस मी हा एकच पाहिला. लाख घट्ट धरावी म्हणून ते धागे राखेच्या खारात उकळायचे, धुवायचे, वाळवायचे आणि बारीक कातरून तापल्या लाखेत मळायचे. त्यांची बांगडी दगडावर पडली तरी फुटत नसे. काकू कुरकुरायच्या, "बांगडी फुटतच न्हाई, मंग गिऱ्हाईक परत येईल कसं?"

मी त्यांच्या शेजारी राहायचो. सरकी काढणाऱ्या एका जिनात मुन्शी होतो. एका हंगामात उजवा हात यंत्रात गेला. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली. जखम भरल्यावर मालकाने आठ दिवस दिले. लिहिता आलं तर नोकरी, नाहीतर घर. टाक काही केल्या हातात टिकेना.

काकांनी एक शब्द न विचारता माझा हात मांडीवर घेतला. कोमट लाख त्याभोवती दाबून मूठ घडवायची, तिच्यात टाक बसवायचा, असा त्यांचा बेत. घाई झाली होती मला. "काका, जल्दी करा हो," मी रोज मागे लागायचो. शेवटी त्यांनी जन्मात पहिल्यांदा न उकळलेले धागे वापरले.

दुसऱ्याच ओळीला मूठ तडकली. लाख एकीकडे, धागे एकीकडे, अगदी कोरडे. मला रडूच फुटलं. काकांनी त्यातला एक धागा उचलून दोन बोटांत धरला.

"चूक माझी हाय, मुन्शीजी. तुमचं ऐकलं, ह्याचं न्हाई ऐकलं."

तीन दिवस उरले होते. काकांनी बांगड्या बाजूला ठेवल्या, भट्टी माझ्यासाठीच पेटवली आणि या वेळी धागे नीट उकळून नवी मूठ घडवली. आठव्या दिवशी मालकाने सांगितलेलं पानभर पत्र मी लिहून काढलं. अक्षर वेडंवाकडं होतं, पण वाचता येत होतं. बाहेर आलो तर काका फाटकाशी उभे.

"तडकली का?"

"न्हाई."

"मंग बराबर प्यालाय," म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

पुढे दर हिवाळ्यात ते मूठ उबेला धरून पुन्हा हातावर बसवून देत. "हात बदलतो, मुन्शीजी. मुठीनं मागं राहू नये." एका पौषात काका गेले. माझा हात त्यानंतरही बदलतोच आहे.

हे लिहिताना अंगठ्याखाली काहीतरी टोचलं. लाख झिजून एक धागा वर आला होता. डाव्या हाताने तो धरला आणि ओढून पाहिला. निघाला नाही.

"बराबर प्यालाय, काका," मी मोठ्याने म्हणालो.