रंगनाथ आणि हिरवी ज्योत

आईबापांनी नाव ठेवलं रंगनाथ, आणि देवाने नेमके रंगच हातचे राखले. रंगनाथ सांगळेला हिरवा आणि तपकिरी सारखाच दिसायचा. हे त्याला स्वतःला कळलं ते अठराव्या वर्षी, ओझरला. विमानाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागायचं म्हणून तो गेला होता. लेखी परीक्षेत चांगले मार्क पडले. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडून विचारलं, "यात आकडा कोणता?" रंगनाथला नुसते ठिपके दिसले. पान उलटलं, तरी ठिपकेच. सिन्नरजवळच्या वाडीवर परत येऊन त्याने सांगितलं की जागा भरल्या, आणि पुढे वीस-बावीस वर्षं ही गोष्ट कोणाच्या कानावर जाऊ दिली नाही. बायकोच्यासुद्धा नाही.

नाशिक रोडच्या एका फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात तो काम शिकला आणि ब्याण्णव साली शिंगाडा तलावापाशी पत्र्याची शेड घेऊन गाड्यांचे एसी दुरुस्त करू लागला. हाताखाली माणूस ठेवला नाही. लोक म्हणत, कंजूष आहे. खरं कारण वेगळं होतं. हाताखालच्याने "ती हिरवी वायर द्या" म्हटलं असतं तर? वायरी तो टेस्टिंगचा बल्ब लावून ओळखायचा आणि प्रत्येकीवर चिकटपट्टीची चिठ्ठी मारायचा. गिऱ्हाईक याला टापटीप समजायचं आणि रंगनाथ समजू द्यायचा.

कामात मात्र हट्टी. दर एप्रिलला लोक यायचे, "गॅस संपलाय, भरून द्या." रंगनाथचं डोकं फिरायचं. "संपायला ते काय पेट्रोल हाय? हा गॅस आतल्या आत फिरतो. गेला म्हंजे कुठून तरी गेला. आधी ती जागा शोधू." मग रिठ्याचं पाणी घुसळून त्याचा फेस दाढीच्या ब्रशने एकेका सांध्यावर लावायचा आणि बुडबुडा फुगतो का ते बघत उकिडवा बसायचा. साबणाच्या फेसापेक्षा रिठ्याचा जास्त टिकतो, असं त्याचं ठाम मत. नळ्यांवरून बोटही फिरवायचा. गॅस एकटा जात नाही, जाताना थोडं तेल घेऊन जातो, आणि तेलकट जागेवर धूळ बसते. बोटाला चिकट लागलं की चोर सापडला. दहातल्या नऊ गाड्या अशा निघत. दहावीत ब्रश पोचायचा नाही.

त्या दहावीसाठी नाशिक रोडच्या दुकानातल्या उस्तादाने त्याला निघताना एक दिवा दिला होता. खाली स्वयंपाकाच्या गॅसची छोटी टाकी, वर निळी ज्योत, ज्योतीत तांब्याची चकती आणि बाजूला लांब रबरी नळी. नळीचं तोंड गळतीपाशी नेलं की एसीचा गॅस ओढला जाई आणि ज्योत निळ्याची हिरवी होई. जगात इतके रंग असताना हिरवी! त्या फिकट उजेडातला बदल रंगनाथला ओळखूच यायचा नाही. दिवा फळीवर पडून होता. कोणी विचारलं तर रंगनाथ म्हणायचा, "बिघडलाय."

ती दहावी गाडी अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात, एका शनिवारी सकाळी आली. जुनी अँबेसेडर, एसी मागाहून बसवून घेतलेला. चालवत होते खंडेराव, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले फिटर. शेजारी त्यांची मुलगी तेजस्विनी, डोक्यावर ओला पंचा आणि मांडीवर पाण्याची बाटली.

"रंगनाथभाऊ, हिला घाम येत नाय," खंडेराव म्हणाले. "जन्मापासून. ऊन लागलं का अंग तापतं, अन् उतरायचं नावच घेत नाय."

तेजस्विनी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तेही दुसऱ्यांदा. मागच्या वर्षी पहिला पेपर देऊन दुपारी दोनला रिक्षाने घरी येताना ती वाटेतच बेशुद्ध पडली होती. पाच दिवस दवाखान्यात काढले, उरलेले पेपर बुडाले, वर्ष गेलं. म्हणून खंडेरावांनी ही गाडी घेतली. दोनदा गॅस भरला, दोन्ही वेळा चौथ्या दिवशी गरम वारा.

"सोमवारपासून पेपर हाय. अकरा ते दोन. सकाळी जाणं जमतं, वर्गात ओल्या पंच्यावर तीन तास कसेबसे निघतात. पण दोनला तिला घेऊन मी कुठं जाऊ?"

"काका, या वर्षी नाही झालं तर मी सोडून देणार आहे," तेजस्विनी अगदी शांतपणे म्हणाली. "दरवर्षी बाबांना दवाखान्यात बसवायचं नाही मला."

शनिवारचा सगळा दिवस रंगनाथने त्या गाडीत घातला. थोडा गॅस भरला, इंजिनाकडचा प्रत्येक सांधा फेसाने माखला, प्रत्येक नळी चाचपली. सगळं कोरडं ठणठणीत. म्हणजे गळती आत, डॅशबोर्डखालच्या पेटीत. तिथे दोनच जागा. गार होणारी कॉइल फुटली असेल, तर मुंबईहून नवी मागवायची आणि ती मंगळवारच्या आत येत नाही. कॉइलच्या मागचा सांधा गळत असेल, तर दोन तासांचं काम. पेटी उतरवून बघावी, तर जुनी तांब्याची नळी वाकवली की मोडते. मागे एका गाडीत त्याच्या हातून तसंच झालं होतं. चुकून चांगली कॉइल मोडली तर सोमवार गेलाच. संध्याकाळी शेड बंद करताना त्याने फळीवरचा दिवा उतरवला, पुसला आणि तसाच ठेवून घरी गेला.

रविवारी सकाळी चहा पिताना तो बायकोला म्हणाला, "मीना, दुकानात येतीस का जरा?"

मीना रोज दुपारी डबा घेऊन यायची, पण या म्हणून बोलावणं सहा वर्षांत पहिल्यांदाच आलं. ती पदर खोचून निघाली.

रंगनाथने शेडचं दार सताड उघडं ठेवलं, कारण गॅस ज्योतीत जास्त गेला तर धूर विषारी होतो. दिवा गाडीपासून लांब स्टुलावर पेटवला, मीनाला समोर बसवलं आणि नळीचं टोक घेऊन स्वतः डॅशबोर्डखाली पाठीवर सरपटला. तिथून त्याने आधीच तयार ठेवलेलं वाक्य टाकलं.

"मला इथून आतून दिवा दिसत नाय, म्हणून तुला बसवलंय. रंग बदलला का सांग."

"आतून कशाला?" मीना म्हणाली. "बाहेरून तरी कुठं दिसतो तुम्हाला?"

डॅशबोर्डखाली नळी हलायची थांबली.

"कधी कळलं तुला?"

"माझ्या डोहाळजेवणाला. हिरवी साडी आणली म्हणून मोठ्या हौशीनं घडी उलगडलीत. साडी चॉकलेटी! तुमच्या आत्याबाई तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणले, मी सांगितली होती हीच. अन् नेसले."

रंगनाथला आठवलं. ती साडी नेसून बसलेली मीना त्याला हिरवीगारच दिसली होती. त्यानंतरही सोळा वर्षं तो एका गोष्टीवर पांघरूण घालत होता, आणि दुसरं टोक हिने धरून ठेवलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त बरं वाटलं.

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. आता नळी हलवा, माझा स्वयंपाक पडलाय घरी."

आधी त्याने नळी पेटीतून पाणी ठिबकतं त्या तोंडाशी धरली. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली उतरतो.

"हिरवी झाली का?"

"झाली! पोपटी झाली!"

म्हणजे गळती पेटीतच, हे नक्की झालं. रंगनाथने पेटीचं पुढचं झाकण काढलं, कोंडलेला गॅस जाऊ दिला आणि नळी कॉइलच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मुंगीच्या पावलाने नेली. विचारायलाही त्याला भीती वाटत होती.

"निळी," मीना म्हणत गेली. "निळी. निळीच हाय. निळी."

मग तो कॉइलच्या मागे, सांध्याच्या नटापाशी आला.

"हिरवी! अहो, लय हिरवी! जरा मागं घ्या... निळी. परत न्या... हिरवी!"

कॉइल शाबूत होती. सांध्यातलं नळीचं पसरट तोंड धक्क्यांनी चिरलं होतं, केसाएवढं. रंगनाथने नळी न वाकवता ते बोटाच्या पेराएवढं कापलं, नवं तोंड पसरवलं, तेलाचा थेंब लावून नट आवळला. पंप लावून आतली हवा तासभर ओढली, गॅस भरला आणि मीनाला पुन्हा दिव्यापुढे बसवलं. ती पाच मिनिटं डोळ्यांची पापणी न हलवता बसली आणि म्हणाली, "निळी."

संध्याकाळी खंडेराव गाडी घेऊन गेले. सोमवारी दुपारी दोन वाजता रंगनाथच्या हातातला पाना थांबला. अडीचला शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फोन आला, पोरगी घरी पोचली, जेवायला बसली. चौथा दिवस त्याला सगळ्यात जड गेला. चौथ्या दिवशीही गाडी गारच राहिली.

पंधरा दिवसांनी भर दुपारी अँबेसेडर शेडपुढे उभी राहिली. काचा बंद. मागची काच चार बोटं खाली झाली आणि तेजस्विनीचा चेहरा दिसला. कोरडा, हसरा.

"काका, झाले! सहाच्या सहा पेपर दिले!"

खंडेराव खाली उतरले आणि आजूबाजूच्या दुकानदारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नजर पाह्यजे तर रंगनाथची! केसाएवढी चीर धरली याने!"

दुकानदार माना डोलवू लागले. रंगनाथने हात पुसले. गप्प बसला असता तर चाललं असतं, इतकी वर्षं चाललंच होतं.

"नजर माझी नाय, खंडेराव," तो म्हणाला. "मला हिरवा रंग दिसत नाय. जन्मापासून. त्यापायी ओझरची नोकरी हुकली, अन् मी सगळ्यांना खोटं सांगितलं. तुमची गळती मीनानं शोधली."

मीना रिकामा डबा घेऊन निघाली होती, ती तिथेच थबकली. कोणी हसलं नाही. तेजस्विनीने मागचं दार उघडलं.

"मावशी, आत या ना. लवकर, गारवा जातोय."

"मी कशाला गं? माझे पाय धुळीचे हायेत."

"या हो!"

मीना संकोचून आत बसली आणि दार लागलं. रंगनाथ बाहेर उन्हात उभा होता. सहा वर्षांत त्याने शेकडो गाड्या गार केल्या होत्या, आणि त्यातल्या एकीतही तिला बसवलेलं नव्हतं. काचेआड तिने गार झोतात तळहात धरला, मग गाल नेला, आणि डोळे मिटून घेतले. काच अर्धी खाली झाली.

"अहो," ती म्हणाली, "असं गार असतं होय हे?"

रंगनाथने अर्ध्या काचेवरून हात आत घातला आणि तिच्या हातातला डबा आपल्याकडे घेतला, म्हणजे तिला नीट बसता येईल.