बोटीवर सगळे बरे आहेत का

कोकणातल्या एका लहान बंदराच्या कंट्रोल रूममध्ये मी रेडिओ ऑपरेटर आहे. मी मूळची जालना जिल्ह्यातली, अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीची. नोकरीला लागेपर्यंत समुद्र मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. जालन्याला पॉलिटेक्निक केलं, मग रेडिओचा सरकारी परवाना काढला, जाहिरात पाहून अर्ज केला आणि निवड झाली. पहिल्या दिवशी जिना चढून खोलीत गेले, तर तिन्ही बाजूंना काचा आणि काचांच्या पलीकडे नुसतं पाणी. मी खुर्चीची पाठ धरून थोडा वेळ उभीच राहिले.

काम सांगायला सोपं आहे. सकाळी बोटी बाहेर पडतात तेव्हा कळवतात, दुपारी ठरलेल्या वेळी कुठे आहेत ते सांगतात, परत फिरल्या की पुन्हा कळवतात. मी ऐकते, ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणते, समोरचा ‘बरोबर’ म्हणाला की वहीत लिहिते. आकडे एकेक करून बोलायचे. पंधरा म्हणायचं नाही, एक पाच म्हणायचं. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. दिवसात असे शंभरेक कॉल होतात आणि त्यातला एकही कोणाला सांगावा असा नसतो.

प्रशिक्षणात मला दोन गोष्टींवरून बोलणी बसली. एक, मी घाईत ‘न्हाई’ म्हणून जायचे. ते सुटायला महिना लागला. दुसरी, मी समोरच्याला फार वेळा परत विचारायचे. शिकवणारे सर म्हणाले, “एकदा ऐकलं की पुरे. प्रत्येकाला उलटतपासणी कशाला?” पण ती सवय गेली नाही, कारण ती मला फार लहानपणी लागलेली होती.

मी शाळेत होते तेव्हा आम्ही नवीन जालन्यात, स्टेशनच्या मागे एका खोलीत राहत होतो. वडील मालधक्क्यावर हमाली करायचे आणि आई बियाण्याच्या एका कंपनीच्या शेडमध्ये कामाला होती. सुट्टीत मी तिचा डबा घेऊन जायची आणि दारात बसून राहायची. आत प्रतवारीच्या मशीनचा असा आवाज की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नसे. आईचं काम पिशवीवरचा लॉट नंबर वाचून शिलाई मशीनवरच्या बाईला सांगायचं. ती एकेक आकडा तोडून सांगायची, समोरची बाई तो परत म्हणायची, आणि आई हात वर करून म्हणायची, “बराबर.” एकदा घरी मी विचारलं, “तू दोन-दोनदा का बोलतेस?” ती म्हणाली, “एक आकडा हुकला की आख्खा लॉट वापस येतो. शेतकऱ्याच्या घरी भलतंच बी जातं. मंग तो काय करंल?” माझ्यासाठी तो खेळ झाला. बाजारात काय काय आणायचं ते आई सांगायची आणि मी परत म्हणून दाखवायची.

बंदरावर सुरुवातीला मला कोणी फार मोजत नव्हतं. एक तांडेल होता, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, पन्नाशी ओलांडलेला. बोट त्याची स्वतःची. त्यानं पहिल्याच आठवड्यात रेडिओवर विचारलं, “मॅडम, तुमी कुठल्या?”

“जालन्याची.”

“तिकडं समुद्र कुठं आहे?”

“नाही. तिकडं मोसंबी आहे,” मी म्हणाले. चॅनेलवर दोन-तीन बोटींतून हसण्याचा आवाज आला. त्यानंतर महिनाभर तो मला ‘मोसंबीवाली’ म्हणायचा. मला राग यायचा, पण मी त्याला दर वेळी जागा परत विचारायचे आणि तो कुरकुरत परत सांगायचा.

तीन वर्षांत त्याचा आवाज मला घरच्या माणसाच्या आवाजासारखा ओळखीचा झाला. त्याची पद्धत ठरलेली होती. आधी “नमस्कार कंट्रोल”, मग जागा, म्हणजे अक्षांश-रेखांशाचे आकडे, मग बोटीवर किती माणसं, आणि शेवटी न विचारता वाऱ्याची बातमी. ‘मोसंबीवाली’ कधी बंद झालं आणि लेकीला म्हणावं तसं ‘बाय’ कधी सुरू झालं ते मला कळलंही नाही. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. धक्का आमच्या इमारतीपासून लांब, आणि ड्युटी संपली की मी सरळ खोलीवर जायची.

एका दुपारी, तीनच्या सुमाराला त्याच्या बोटीचा कॉल आला. आवाज त्याचा नव्हता, त्याच्या भाच्याचा होता. हा तिशीतला, दोन मुलांचा बाप. तो घाईघाईनं म्हणाला, “कंट्रोल, आम्ही परत निघालो. सगळं ठीक. ओव्हर.” जागा सांगितली ती उलटसुलट. आधी सांगायचं ते नंतर, नंतरचं आधी. माणसं किती ते सांगितलंच नाही. वाऱ्याबद्दल काही नाही.

चुकीचं असं काही नव्हतं. बोट परत येतेय एवढं वहीत लिहिलं असतं तरी कोणी मला विचारलं नसतं. पण मी बटण दाबलं.

“जागा परत सांगा. एकेक आकडा.”

त्यानं सांगितली. मी परत म्हटली.

“बोटीवर माणसं किती?”

“सहा.”

“सगळे बरे आहेत का?”

त्यानं बटण दाबलं आणि सोडलं, पुन्हा दाबलं आणि सोडलं. मग म्हणाला, “मामा जरा आडवा झालाय. पित्त झालंय त्याला. त्यानं सांगितलंय, कोणाला सांगू नको.”

“घाम येतोय का?”

“हो. शर्ट भिजलाय सगळा.”

“हात दुखतोय का? कुठला?”

त्यानं मामाला विचारलेलं ऐकू आलं. मग, “डावा म्हणतोय. आणि जबडा.”

माझे वरिष्ठ पलीकडच्या टेबलावर होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी सरकारी दवाखान्याचा फोन लावलेला होता. डॉक्टर फोनवर आले. खोलीत आमची साखळी सुरू झाली. डॉक्टर वरिष्ठांना सांगत होते, वरिष्ठ मला, आणि मी बोटीला. मी भाच्याला म्हणाले, “मी सांगते ते तू परत म्हणायचं. म्हटल्याशिवाय काही करायचं नाही. कळलं?”

“कळलं.”

“त्याला उठू द्यायचं नाही. पाठीला टेका देऊन बसवायचं.”

“उठू द्यायचं नाही. टेका देऊन बसवायचं.”

“बोटीवर औषधाची पेटी आहे का?”

पेटी होती. डॉक्टरांना हवी होती ती गोळी आत आहे का ते बघायचं होतं, पण भाच्याला इंग्रजी धड वाचता येत नव्हतं. मी म्हणाले, “घाबरू नको. पाकिटावरचं एकेक अक्षर सांग, मी लिहून घेते.” पहिल्या तीन पाकिटांवरची अक्षरं मी वरिष्ठांना वाचून दाखवली आणि पलीकडून डॉक्टर नाही म्हणाले. चौथ्या पाकिटाची पाच अक्षरं झाली तसं ते म्हणाले, हीच. चावून खायला द्या. मी तेच बोलले. भाच्यानं तेच म्हटलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, “चावली. गिळली.”

त्या वेळेला चॅनेलवर रोज गजबज असते. कोण बर्फाचं विचारतो, कोण डिझेलचं, कोण भाव विचारतो. त्या दुपारी तांडेल किनाऱ्याला पोचेपर्यंत एकाही बोटीनं मध्ये तोंड उघडलं नाही. सगळे ऐकत होते आणि सगळ्यांनी आमच्यासाठी वाट मोकळी ठेवली होती. मी दर दहा मिनिटांनी बोटीला हाक मारत होते. भाचा एकदा रडायला लागला. मी त्याला रडू दिलं नाही, वाऱ्याची बातमी विचारली. तो सांगायला लागला आणि त्याचा आवाज जागेवर आला.

वरिष्ठांनी मागवलेली गस्तीची वेगवान बोट अर्ध्या वाटेत पोचली. तांडेलाला तिच्यावर घेतलं आणि धक्क्यावर रुग्णवाहिका तयार होती. पाच वाजता वरिष्ठांनी मला सांगितलं, दवाखान्यात पोचला, शुद्धीवर आहे. मी वहीत वेळ लिहिली. मग पेन खाली ठेवलं आणि मला दिसलं की माझा अंगठा बटण दाबून दाबून पांढरा पडलाय.

त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, दोन तास उशीर झाला असता तर अवघड होतं. पुढच्या महिन्यात आमच्या खोलीतल्या रोजच्या छापील तक्त्यात एक रकाना वाढला. जागा, माणसं, वारा, आणि त्यानंतर ‘सगळे बरे आहेत का’. तो रकाना वरिष्ठांनी वाढवला. माझं नाव त्यावर नाही, नसावंही. पण दर पाळीला प्रत्येक ऑपरेटर तो प्रश्न विचारतो, तेव्हा मी आतल्या आत सरळ होऊन बसते.

हिवाळ्यात मी रजेवर वडीगोद्रीला गेले होते. आई-वडील आता तिथंच असतात, थोडी जमीन बघतात. एका सकाळी फोन आला. तांडेल म्हणाला, “बाय, आम्ही जालन्याच्या स्टेशनात उतरलोय. आता पुढं कसं यायचं?” वरिष्ठांकडून माझा नंबर आणि गाव घेऊन तो आणि त्याची बायको दोन गाड्या बदलून आले होते. त्यांना घ्यायला मी ओळखीच्या एकाची जीप घेऊन गेले. स्टेशनाबाहेर रिक्षांच्या गर्दीत एक बुटका, पांढऱ्या मिशांचा माणूस सुक्या बोंबलांची पिशवी छातीशी धरून उभा होता. तो मला ओळखणार कसा? मी जवळ जाऊन म्हणाले, “नमस्कार तांडेल.” त्यानं डोळे मिटले. “परत बोल,” म्हणाला. मी परत म्हणाले. मग त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि बायकोला म्हणाला, “हीच.”

घरी आईनं भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी केली होती. तांडेल अंगणात बसून लांबपर्यंत पसरलेला ऊस पाहत होता. आईला तो म्हणाला, “तुमच्या लेकीनं परत विचारलं नसतं, तर मी आज नसतो. माझाच भाचा सगळं ठीक म्हणत होता. मीच त्याला तसं सांगितलं होतं.”

आई म्हणाली, “का सांगितलं तसं?”

“लाज वाटली. तांडेल आडवा झाला म्हटलं की खलाशी घाबरतात.”

आईनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. “आमच्या शेडमधी बी असंच व्हतं,” ती म्हणाली. “बाया आजारपण लपवून काम करायच्या. इचारल्याशिवाय कोणी सांगत न्हाई.” तांडेलाच्या बायकोनं मान हलवली. तिनं आईचा हात आपल्या हातात घेतला आणि जेवण होईपर्यंत सोडला नाही, त्यामुळे वाढायचं काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी गावातल्या विहारात वंदना असते. आई पाहुण्यांना घेऊन गेली. वंदना संपल्यावर ती उठून उभी राहिली. माझी आई चारचौघांत कधी बोललेली नव्हती. शाळेच्या पालकसभेतसुद्धा ती वडिलांना पुढं करायची. आता ती पदर सारखा करून म्हणाली, “हे पाव्हणे समुद्रावरून आले. माझ्या पोरीनं काय केलं ते मी सांगते.”

आणि तिनं सांगितलं. आदल्या दिवशी तांडेलानं सांगितलेलं सगळं, पहिल्यापासून. सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर थांबून, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. मी भिंतीला टेकून खाली मान घालून बसले होते. दोन शेतं सोडून राहणारी चुलती, पलीकडच्या आळीतले शिक्षक, दोन-तीन शाळेतल्या मुली, सगळे तिच्याकडे पाहत होते. एका मुलीनं मला हळूच विचारलं, “ताई, तुम्ही रोज असंच करता?”

“रोज नुसतं विचारते,” मी म्हणाले. “बहुतेक दिवशी सगळे बरे असतात.”

आई बोलायची थांबली. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. ती गोंधळली, मग खाली बसली आणि मला म्हणाली, “पाणी दे गं. घसा सुकला.”